सम्राटाची 'शुद्धलेखनाची चूक' आणि सोन्याची तार

प्रश्न असा आला आहे: चीनमध्ये छंगदच्या उन्हाळी राजवाड्याच्या दारावर खांगशी सम्राटाच्या हस्ताक्षरातली पाटी आहे. चार अक्षरं, निळ्यावर सोनेरी. त्यातल्या पहिल्याच अक्षरात एक आडवी रेघ जास्त आहे, आणि गाइड तिला सम्राटाची 'शुद्धलेखनाची चूक' म्हणतो. मराठीत नेमका शब्द कोणता?

'शुद्धलेखन' तर नक्कीच नाही. हा शब्द दिसेल तिथे चिकटवलेला ऐकला की माझं डोकं उठतं. ऱ्हस्व-दीर्घ आणि अनुस्वार हा त्याचा प्रांत. इथे वाद आहे तो रेघा किती याचा. ते अक्षर 'टाळणे' या अर्थाचं. त्याच्या उजव्या भागात खाली दोन आडव्या रेघा हव्यात, पाटीवर तीन आहेत. पण तीन रेघांचं हेच वळण त्याआधीच्या कित्येक शिलालेखांत सापडतं. पाटी १७११ची. आदल्याच वर्षी या सम्राटाने चिनी अक्षरांच्या एका मोठ्या कोशाचं काम पंडितांवर सोपवलं होतं. १७१६ साली पुरा झालेल्या त्या कोशात ४७,०३५ अक्षरं आहेत. अशा माणसाला 'टाळणे' लिहिता येत नव्हतं?

चिनीत यासाठी तीन वेगळे शब्द आहेत. नसलेलंच रूप लिहिलं तर 'त्सुओ-त्झ', एका अक्षराच्या जागी दुसरं लिहिलं तर 'ब्ये-त्झ', आणि त्याच अक्षराचं दुसरं मान्य वळण असेल तर 'यी-थी-त्झ', म्हणजे वेगळ्या देहाचं अक्षर.

यातला 'त्सुओ' मला फार आवडतो. आज त्याचा अर्थ चूक. पण त्या अक्षराच्या डाव्या अंगाला धातूची, सोन्याची खूण बसली आहे! चुकीत सोनं कशाला? इ.स. १००च्या सुमारास श्यु शन या चिनी पंडिताने आपल्या कोशात या अक्षराचा अर्थ दिला तो सोन्याचं जडावकाम असा. काशाच्या भांड्यावर खोबणी कोरायची, तिच्यात सोन्याची तार ठोकून बसवायची, मग दगडाने घासून सपाट करायची. आपल्याकडे बिदरीचं काम पाहिलेल्यांना हे लगेच कळेल. आणि गंमत म्हणजे घासायच्या दगडालाही जुन्या चिनीत हेच अक्षर वापरलेलं आहे.

माझं म्हणणं असं, की सोन्याच्या तारा काशात एकमेकींना छेदत जातात, त्यावरून 'आडवं-तिडवं गुंतलेलं', त्यावरून 'सरमिसळ झालेलं' आणि शेवटी 'चुकलेलं'. श्यु शनच्या कोशावर भाष्य लिहिणारा अठराव्या शतकातला पंडित त्वान यू-त्साय हे मानत नाही. गुंतण्याचा अर्थ दुसऱ्या एका अक्षराकडून उसना आणलेला आहे, असं तो म्हणतो. त्वान मोठाच माणूस, पण अर्थ जुळला नाही की 'उसना' म्हणून मोकळं होणं ही त्याची सवय मला पटत नाही. तार, खोबणी, दगड सगळं एकाच कारागिराच्या हाताखाली असताना शेजाऱ्याकडे उसनं मागायला का जायचं?

आपली 'चूक' मात्र वाटेवरची. बाराव्या शतकातला जैन पंडित हेमचंद्र याने प्राकृत व्याकरणात 'भ्रंश्' (ढळणे, घसरणे) या संस्कृत धातूच्या जागी येणाऱ्या धातूंत 'चुक्क' दिला आहे, त्याच्या शेजारीच 'भुल्ल'. म्हणूनच वाट चुकते, नेम चुकतो.

खांगशीची अशीच आणखी एक 'चूक' दाखवतात. हांगचौ शहरातल्या एका शिलेवर त्याने 'मासा' या अक्षराखाली चारऐवजी तीनच ठिपके दिले. चार ठिपके म्हणजे आग, तीन म्हणजे पाणी, म्हणून दयाळू राजाने मासे जगवले, ही कथाही गाइडच सांगतात. गोड आहे, पण धावत्या वळणात तीन ठिपके पूर्वीपासूनच चालतात.

तर प्रश्नाचं उत्तर: 'रूपभेद' म्हणा. 'पाठभेद' नको, तो मजकुरातल्या फरकाचा. आपण पाकळीचा 'ल' लिहितो, हिंदीवाले दांडीचा लिहितात, त्याला कुणी चूक म्हणत नाही. छंगदच्या त्या तिसऱ्या रेघेचंही तसंच आहे.