घरी चार सीसीटीव्ही कॅमेरे बसवायचेत, किती एमबीपीएसचं नेट घेऊ?

प्लॅनच्या जाहिरातीत मोठ्या अक्षरात असतो तो आकडा डाऊनलोडचा, म्हणजे घरात येणाऱ्या नेटचा. बाहेरून कॅमेरे बघायला लागतो अपलोड, म्हणजे घरातून बाहेर जाणारा स्पीड, तो विचारल्याशिवाय पैसे भरू नका. मी भरलेत म्हणून सांगतोय.

आमचं गाव वसमत तालुक्यात, हळदीचं. मार्चमधी हळद शिजवून घरामागं वाळत घातलेली अन् आम्ही सगळे नांदेडला लग्नात. दुपारी आभाळ भरून आलं, म्हटलं घरी काय चाललंय बघावं, तर मोबाईलवर चार चौकटी उघडल्या अन् चारीत नुसतं गोल फिरायलं. एकात अर्धं चित्र आलं, हळदीचा कोपरा अन् आमचं कुत्रं, एक पाय वर करून तसंच थिजलेलं. शेवटी शेजारच्या काकूंना फोन लावला, त्या म्हणल्या भुरभुर सुरू झाली तेव्हाच पोरांना सांगून ताडपत्री टाकली. म्हणजे एवढे पैसे घालून कॅमेरे लावले अन् राखण केली काकूंनी.

दाजी शेजारीच जेवत होते. "नेट भंगार आहे तुझं, शंभरचं घे." लग्नात दाजींशी कोण वाद घालणार, ४० चं होतं ते १०० चं केलं, वर्षाचे पैसे एकदम भरले. परत बाहेरून बघतो तर तेच. मग स्पीड टेस्ट केली, डाऊनलोड ९४, अपलोड ३. केबलवाला म्हणतो, "अपलोडचं कोणी विचारतच नाही भाऊ."

मग मीच डीव्हीआरच्या, म्हणजे कॅमेऱ्यांचं रेकॉर्डिंग करणाऱ्या डब्याच्या, सेटिंगमधी घुसलो. २ मेगापिक्सेलचे कॅमेरे, प्रत्येकाचा मेन स्ट्रीम, म्हणजे मोठं स्वच्छ चित्र, ४०९६ केबीपीएस, म्हणजे चारेक एमबीपीएस, चार मिळून १६ एमबीपीएस, अन् ॲप तोच मागत होतं. तीन एचपीच्या मोटरवर सोळा एकर भिजवायला निघालो होतो मी. ॲपमधी सब स्ट्रीम, म्हणजे त्याच कॅमेऱ्याचं हलकं चित्र, केला, तो ५१२ ला ठेवला, चारी मिळून २ एमबीपीएस, लगेच चालू. रेकॉर्डिंग एच.२६५ वर, म्हणजे व्हिडिओ कमी जागेत दाबून ठेवायच्या पद्धतीवर, टाकून मेन २०४८ केला, चित्रात मला तरी फरक दिसला नाही अन् १ टीबीची डिस्क सहा दिवसांत भरायची ती आता अकरा दिवस जाते. खर्च शून्य.

रेकॉर्डिंगला नेट लागतच नाही, ते डिस्कवर होतं. हे दाजींना अजून पटलेलं नाही.

तर तुम्हाला ४-५ एमबीपीएस अपलोड बास. पण दोघं दोन मोबाईलवर एकदम बघत असाल तर दुप्पट धरा. अन् हां, क्लाऊडवर २४ तास पाठवणारे वायफाय कॅमेरे घेणार असाल तर माझा हिशोब सोडून द्या, १ एमबीपीएस दिवसभर चाललं की १०.८ जीबी होतात, एका कॅमेऱ्याचे, रोज दीड जीबीवाल्या सिमवर असले धंदे करू नका. राउटरची वायर इन्व्हर्टरवर आहे का तेही बघा, आमचा डीव्हीआर होता अन् राउटर नव्हता, लाईट गेली की सगळं गुल.

१०० चा प्लॅन पुढच्या मार्चपर्यंत आहे. दाजी आले की त्यांची पोरं त्याच्यावर दिवसभर गेम खेळतात, अन् दाजी मला म्हणतात, बघ, आलं का नाही कामाला.