मला काही झालं तर बाळाचं कसं होईल?

बाळंतपणानंतर दोन-तीन महिन्यांनी माझ्याकडे समुपदेशनासाठी येणाऱ्या मुलींच्या तोंडून हेच वाक्य मी पुन्हा पुन्हा ऐकते. कुणाला छातीतली धडधड हृदयविकाराची वाटते, कुणाला स्तनात साठलेल्या दुधाची गाठ कर्करोगाची, तर कुणी पोटरी दुखली की रक्ताची गुठळी झाली असेल या भीतीने रात्रभर जागी राहते. घरची माणसे गोंधळतात. तपासण्या झाल्या, डॉक्टरांनी निर्वाळा दिला, मग हिची भीती का जात नाही, असे ती मला विचारतात.

पारोळ्याजवळच्या एका खेड्यातली 24 वर्षांची मुलगी बाळंतपणाला माहेरी आली होती आणि सव्वा महिना उलटून गेला तरी सासरी जायचे नाव काढत नव्हती. पहिल्या भेटीत तिने एक वही माझ्यापुढे ठेवली. तिच्यात तासातासाला मोजलेले नाडीचे ठोके लिहिलेले होते. ईसीजी दोनदा झाला होता, थायरॉइडची तपासणी व्यवस्थित होती, रक्त थोडे कमी होते आणि त्यासाठी लोहाच्या गोळ्या सुरू होत्या. "डॉक्टर नॉर्मल म्हणाले, तेव्हा किती दिवस बरं वाटलं?" असे मी विचारले. "पहिल्यांदा दोन दिवस, मॅडम. मागच्या वेळी बसस्थानकापर्यंतसुद्धा नाही."

या उत्तरात तिच्या दुखण्याचे सारे मर्म होते. प्रसूतीनंतर काही दिवसांतच शरीरातील संप्रेरकांची पातळी झपाट्याने खाली येते, त्यात रक्त कमी आणि झोप तुटक, त्यामुळे धडधड जाणवणे नवलाचे नाही. पण ती मोजायला बसले की घाबरून ठोके आणखी वाढतात आणि वाढलेला आकडा पुन्हा आजाराचा पुरावा ठरतो. दिलासाही याच फेऱ्यात अडकतो. जितका मागावा तितका तो कमी टिकतो. म्हणून वही बंद करण्याची सक्ती न करता आम्ही नाडी दिवसातून तीनदाच पाहायची असे ठरवले, पुढे एकदाच, आणि मोबाइलवर लक्षणे शोधणे पूर्ण थांबवले. धडधड थोडी उतरली, परंतु मूळ भीती जागची हलली नाही.

मी विवेकनिष्ठ विचारपद्धतीने, म्हणजे भीतीमागचे 'असेच झाले पाहिजे' हे हट्ट तपासून बदलण्याच्या पद्धतीने, काम करते. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांनी 1955 च्या सुमारास मांडलेल्या या पद्धतीची मला सर्वांत मोलाची वाटणारी शिकवण अशी, की भीतीला अर्ध्या वाटेवरून परत पाठवू नये, तिच्याबरोबर शेवटापर्यंत चालत जावे. चौथ्या भेटीत मी तिला विचारले, "असं कुणाचं झालेलं तू पाहिलं आहेस का?" ती सहा वर्षांची असताना तिची काकू बाळंतपणानंतर नवव्या दिवशी गेली होती. त्या दिवशी मुलांना शेजारच्या घरी नेऊन बसवले, काय झाले ते पुढे कुणी कधी सांगितले नाही. तिच्या कानावर पडले होते ते एवढेच, की काकू आदल्या रात्री छातीत धडधडतंय म्हणत होती.

"आणि काकूच्या बाळाचं पुढे कसं झालं?"

ती बराच वेळ माझ्याकडे पाहत राहिली, मग दाराकडे वळून म्हणाली, "तो बाहेर बसलाय, मॅडम. माझं बाळ त्याच्याच मांडीवर आहे." प्रत्येक भेटीला तिला एसटीने घेऊन येणारा, 18 वर्षांचा, अबोल मुलगा तोच होता. "माझ्या आईनं वाढवलं त्याला. तो तिला मायच म्हणतो," असे म्हणून ती रडू लागली आणि मी तिला रडू दिले.

या क्षणाने मलाही शिकवले. 'कसं होईल' हा आपल्याकडे प्रश्न नसतो, उसासा असतो, आणि ऐकणारा घाईघाईने "काही नही व्हत तुले" म्हणून तो मिटवून टाकतो. मी त्याला खरा प्रश्न मानले आणि त्याचे खरे उत्तर तिच्याच घरात 18 वर्षांपासून वावरत होते. ते दुःखाचे उत्तर होते, काकूची उणीव त्यात कायम होती, तरीही ते मूल उघड्यावर पडले नव्हते. "मी जगलेच पाहिजे" या सक्तीच्या जागी "मला जगायचं आहे" ही साधी, निरोगी इच्छा त्यानंतरच येऊ शकली. मी खात्री दिली असती, तर हे घडले नसते असे मला ठामपणे वाटते.

घरच्यांना माझे सांगणे आहे, की डिंकाचे लाडू आणि शेकशेगडी यांच्याइतकीच बाळंतिणीला सलग चार-पाच तास झोपेची गरज असते, तेव्हा रात्रीची एक पाळी दुसऱ्या कुणीतरी घ्यावी. ती घाबरली की वाद घालू नये. या मुलीची आई पुढे "ये, मना जोडे बस" (माझ्याजवळ बस) एवढेच म्हणू लागली आणि ते पुरत असे. मात्र प्रत्येक तक्रार मनाची समजणे घातक आहे. एकाच पायाला सूज, छातीत दुखणे, दम लागणे, तासाभरात पॅड भिजवणारा रक्तस्राव, 100.4 अंश फॅरनहाइट किंवा त्याहून अधिक ताप, डोळ्यांपुढे अंधारी आणणारी तीव्र डोकेदुखी यांपैकी काहीही असल्यास लगेच दवाखाना गाठावा आणि गरज पडल्यास 108 ला फोन करावा. भीती दोन आठवड्यांहून अधिक टिकली तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवावे. अंगावर पाजत असताना घेता येणारी औषधे आहेत, ती त्यांच्याच सल्ल्याने घ्यावीत. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचे विचार येत असतील तर एक दिवसही थांबू नये. 14416 या टेलिमानसच्या, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी मदतवाहिनीच्या, क्रमांकावर मराठीतही बोलता येते.

शेवटच्या भेटीला तिने तीच वही आणली होती. नाडीच्या आकड्यांची पाने संपली होती आणि पुढे बाळाच्या लसींच्या तारखा लिहिल्या होत्या. साडेतीन महिन्यांच्या डोससमोर तिने लिहिले होते: "मामा नेईल."