लेखाखालचं नाव कापू नका हो!

प्रश्न : ताई, मी आजीकडच्या तांब्याच्या बंबावर एक लेख लिहून फेसबुकवर टाकला होता, लोकांना आवडला, मीही खुश. चार महिन्यांनी आमच्याच फॅमिली ग्रुपवर मावशीने तोच लेख फॉरवर्ड केला, खालचं माझं नाव गायब आणि वर 'पु. ल. देशपांडे यांचा अप्रतिम लेख'! मी म्हटलं, अगं मावशी हा माझा आहे, तर ती म्हणते, असेल गं, पण किती छान लिहिलंय बघ ना. आता हसू की रडू? काही करता येतं का?
— एक लिहिणारी, डोंबिवली

उत्तर : आधी थोडं हसून घ्या, मग कामाला लागू. तुम्ही पाठवलेला लेख मी वाचला, पहाटे आजी ढलप्या घालून बंब पेटवते आणि धुराने डोळे चोळत चोळतच तुम्हाला आंघोळीला हाक मारते, ते वाचताना मला आमच्या न्हाणीघराचा वास आला, खरंच सांगते. आणि पुढे तुम्ही लिहिलंय की तो बंब परवा कल्हई करून आणला आणि कल्हईवाल्याला गूगल पे केलं. आता बघा, पु. ल. गेले 12 जून 2000ला आणि यूपीआय आलं 2016ला. हे एक वाक्य मावशीला दाखवा, पुरे आहे!

पण मनापासून सांगते, मला या गोष्टीचा राग येतो. पु.लं.च्या नावावर दुसऱ्याचं लिखाण खपवणं हा दोघांवरही अन्याय आहे, ज्याने रात्री जागून लिहिलं त्याचं नाव जातं आणि जे पु.लं.नी कधी लिहिलंच नाही ते त्यांच्या माथी येतं. नाव काढून टाकणारा बहुतेक वेळा वाईट नसतो, कॉपी करताना शेवटची ओळ सुटते, मग पुढचा 'लेखक अनामिक' लिहितो, त्याच्या पुढच्याला ते बरं दिसत नाही म्हणून तो एक मोठं नाव चिकटवतो. असंच होतं.

कायदा तुमच्या बाजूने आहे. कॉपीराइट कायदा 1957चा, आणि लेख लिहिला की हक्क आपोआप तुमचा, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही. त्यातलं कलम 57 तर अगदी याचसाठी आहे, लेखकाला 'हे माझं आहे' असं म्हणायचा हक्क, आणि कॉपीराइट दुसऱ्याला दिला तरी हा हक्क लेखकाकडेच राहतो. तरी मावशीवर कोर्टकचेरी करायची नाहीये आपल्याला. तुमच्या मूळ पोस्टवर तारीख आहेच, तिची लिंक प्रत्येक ग्रुपवर शांतपणे टाका, 'हा लेख माझा आहे, नावासकट पुढे पाठवलात तर आनंद होईल' एवढंच लिहा. आणि यापुढे नाव फक्त शेवटी नको, लेखाच्या मध्येच आजी तुम्हाला नावाने हाक मारू दे, ते सहज कापलं जात नाही.

प्रश्न : फोनवर 'दुसऱ्या' लिहायला गेलं की 'दुसर्या' होतं, मुलं म्हणतात चालतं. चालतं का?
— निवृत्त शिक्षक, सांगली

उत्तर : नाही चालत सर, आणि तुम्ही विचारलंत म्हणून फार बरं वाटलं. दर्या म्हणजे समुद्र, दऱ्या म्हणजे डोंगरातल्या. लग्नात 'आचाऱ्यांना पैसे दिले' लिहायचं आणि झालं 'आचार्यांना', तर अर्थच पालटला की! बऱ्याच कीबोर्डवर र दाबून धरला की खाली टिंब असलेला ऱ मिळतो, तो घ्या, मग हलन्त, मग य, झाला ऱ्य. मुलांना एकदा करून दाखवा, दोन दिवसांत बोटांना सवय होते. असंच 'ॲप'चं, पूर्ण ॲ हे अक्षर युनिकोडमध्ये, म्हणजे फोन-कंप्यूटरवरच्या सगळ्या अक्षरांच्या ठरलेल्या यादीत, 2008ला आलं, त्याआधीपासून लोक अ वर चंद्र देऊन लिहितात, दिसायला दोन्ही सारखंच पण शोधताना कधी एक सापडतं आणि दुसरं नाही, म्हणून जुना लेख शोधायचा असेल तर दोन्ही प्रकारे शोधून बघा.

प्रश्न : मी खूप वाचते पण प्रतिक्रिया द्यायची वेळ आली की 'छान' च्या पुढे काही सुचत नाही, लेखकाला काय वाटत असेल?
— एक आजी, बेळगाव

उत्तर : आजी, 'छान' सुद्धा गोडच लागतं. पण पुढच्या वेळी एवढं करा, जिथे वाचताना थांबलात ते वाक्य तेवढं उचला आणि खाली लिहा, 'इथे मला आमची आई आठवली'. डोंबिवलीच्या ताईंच्या बंबापासूनच सुरुवात करा ना, तुमच्याकडे बंबात काय घालायचे, गोवऱ्या की नारळाच्या करवंट्या, तेवढं जरी त्यांना कळवलंत तरी त्या पुढचा लेख लिहायला बसतील.