युद्धातला कायदा संपला, म्हणून भाडेकरू संपत नाही

प्रश्न : गिरगावातल्या चाळीत आजोबांनी १९४४ साली खोली घेतली. पावती अजून त्यांच्याच नावाची, भाडं महिना ६२ रुपये. मजल्यावरच्या चारपैकी दोन संडासांना मालकांनी कुलूप घातलंय, उरलेले तुंबतात. पावसाळ्यात तीन मुलांना कावीळ झाली. मालक म्हणतात, ‘तुमचं संरक्षण युद्धातल्या कायद्याचं, तो कधीच रद्द झाला. भाडंही घेणार नाही.’ काय करू?

उत्तर : ताई, मालकांचं अर्धं बरोबर आहे. लढाईच्या दिवसांत गिरण्या आणि गोदी माणसं ओढत होती, सिमेंट-लोखंड लष्कराकडे जात होतं. त्यात १४ एप्रिल १९४४ला गोदीत स्फोट झाला आणि हजारोंची घरं गेली. एका खोलीत दोन-दोन बिऱ्हाडं राहू लागली. तेव्हा आणलेली भाडेवाढबंदी १९४७च्या कायद्यात गेली आणि भाडं १ सप्टेंबर १९४०च्या दरावर गोठलं. ते फार लांबलं, हे सर्वोच्च न्यायालयानेही १९९७मध्ये सुनावलं. पण त्यानंतर आला महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९, आणि जुन्या भाडेकरूंचं संरक्षण त्यात चालू राहिलं.

पावतीवरच्या नावाने घाबरू नका. मृत्यूच्या वेळी सोबत राहणारा कुटुंबीय कलम ७(१५)प्रमाणे भाडेकरू ठरतो. मात्र आजोबांनंतर वडील, वडिलांनंतर तुम्ही, अशी साखळी रेशनकार्ड आणि वीजबिलांनी दाखवावी लागेल. भाऊ-बहीण असतील तर आधी घरात बोलून घ्या.

आता संडासाचं. कलम १४ सांगतं, मालकांना पंधरा दिवसांची नोटीस द्या, दुरुस्ती करून घ्या आणि खर्च भाड्यातून वळता करा. पण वर्षाला वार्षिक भाड्याच्या चौथ्या हिश्शापुरताच. तुमच्या बाबतीत १८६ रुपये! त्यात प्लंबर जिनाही चढणार नाही. या कलमामागे धावू नका.

तुमचं खरं हत्यार कलम २९. अत्यावश्यक सोयींत पाणी-विजेबरोबर स्वच्छतेची व्यवस्थाही येते. योग्य कारणाशिवाय ती अडवणाऱ्या मालकाविरुद्ध लघुवाद न्यायालयात (घरभाड्याचे वाद इथेच चालतात) अर्ज करून अंतरिम, म्हणजे निकालाआधीचा तात्पुरता आदेश मागता येतो. कुलपांचे फोटो, मुलांचे रक्ततपासणीचे रिपोर्ट, शेजाऱ्यांच्या सह्या जोडा. मालक ‘दुरुस्ती चालू आहे’ म्हणतील, म्हणून फोटो तारखेसह वेगवेगळ्या दिवशी काढा. वॉर्ड ऑफिसच्या आरोग्य विभागाकडेही लेखी तक्रार करा, पोच घ्या.

इमारत उपकरप्राप्त, म्हणजे दुरुस्तीसाठी उपकर भरणारी जुनी इमारत असेल, तर गळक्या ड्रेनेज पाइपसाठी म्हाडाच्या दुरुस्ती मंडळाकडे अर्ज करा. तिथला वेग मी सांगायला नको.

एक चूक मात्र करू नका. संडास बंद म्हणून भाडं थांबवू नका; थकबाकी हे मालकांना तुम्हाला बाहेर काढायला आयतं कारण मिळेल. ते घेत नसतील तर चेक स्पीड पोस्टाने पाठवा आणि परत आलेलं पाकीट न फोडता ठेवा. या महिन्याचा चेक आजच लिहा.