१९६९चे कंबोडियाचे आकडे जुळत नाहीत, कारण ते जुळू नयेत म्हणूनच लिहिले होते

तुमचा प्रश्न वाचला आणि उत्तर लिहिल्याशिवाय राहवेना. व्हिएतनाम युद्ध कंबोडियात कसे पसरले यावर तुम्ही शोधनिबंध लिहिताय. एका अधिकृत तक्त्यात मे १९७०च्या आधी कंबोडियावर अमेरिकेचा एकही बाँबहल्ला नाही, दुसरीकडे हजारो उड्डाणे दिसतात, आणि तुमचे मार्गदर्शक म्हणतात, "अधिकृत असेल तेवढेच धरा." नेमके इथेच माझेही काम अडले होते. त्यामुळे हो ची मिन्ह मार्ग (उत्तर व्हिएतनामची लाओस-कंबोडियातून जाणारी रसदवाट), टेट (१९६८चा मोठा हल्ला) वगैरे सोडून देतो, ते तुम्हाला ठाऊक असणारच.

माझी प्रकरणे ज्या समितीकडे मंजुरीला जायची (नाव घेत नाही), तिने १९६९वरचे अख्खे प्रकरण परत पाठवले. आक्षेप एवढाच की संरक्षण खात्याच्या तक्त्यात शून्य आहे. सिनेटमधल्या साक्षींचा छापील वृत्तांत जोडला, तरी उत्तर तेच. शेवटी सगळ्या मांडणीचा कणा असलेला भाग परिशिष्टात ढकलावा लागला. त्याचा राग अजून गेलेला नाही, कारण ते शून्य खोटे असल्याचे अमेरिकेतच १९७३ साली सिद्ध झाले होते.

झाले होते ते असे. १८ मार्च १९६९पासून अमेरिकेची बी-५२ ही अवजड बाँबफेकी विमाने कंबोडियाच्या सीमाभागातले उत्तर व्हिएतनामी तळ बाँबने भाजत होती. ही मोहीम मे १९७०पर्यंत चालली: साडेतीन हजारांहून अधिक उड्डाणे, लाखभर टनांवर बाँब. कागदावर लक्ष्य दक्षिण व्हिएतनाममधले असायचे. विमान हवेत असताना जमिनीवरच्या रडार केंद्रातून खरे लक्ष्य दिले जाई. खऱ्या लक्ष्याचे कागद नंतर जाळायचे आणि अहवाल दाखवायच्या लक्ष्याचा भरायचा. अशा एका केंद्रावर काम केलेले मेजर हॅल नाईट यांनी सिनेटर प्रॉक्समायर यांना पत्र लिहिले, आणि जुलै १९७३मध्ये सिनेटच्या सशस्त्र सेना समितीपुढे साक्षी झाल्या. म्हणजे तुमच्या हातातला तक्ता अपुरा नाही, तो बनवलेला आहे. मार्गदर्शकांना हेच सांगा.

माझ्या मते (आणि हे माझेच मत, मी लष्करी तज्ज्ञ नाही) नको असलेले युद्ध शेजारी नेण्यातला सगळ्यात मोठा धोका इथेच दिसतो. १९६८च्या उत्तरार्धात गॅलपच्या चाचण्यांमध्ये निम्म्याहून जास्त अमेरिकन सैन्य पाठवणे ही चूक म्हणू लागले होते. राष्ट्राध्यक्ष निक्सन युद्ध आवरतो म्हणून निवडून आले होते. अशा वेळी ते वाढवायचे तर उघडपणे वाढवता येत नाही. लपवायचे ठरले की संसद बाजूला पडते, खात्यातली जाणती माणसे बाजूला पडतात, आणि "त्या देशाचे पुढे काय होईल?" हे विचारणारा कुणीच खोलीत उरत नाही. 'न्यूयॉर्क टाइम्स'ने मे १९६९मध्ये बातमी छापली, तर खुलासा करण्याऐवजी ती फोडली कुणी हे शोधायला फोन चोरून ऐकणे सुरू झाले.

शेजाऱ्याकडे काय झाले, तेही बघा. कंबोडियाचे प्रमुख आणि एकेकाळचे राजे सिहानूक यांनी हानोईला, म्हणजे उत्तर व्हिएतनामला, वाट दिली होती, आणि १९६५मध्ये तोडलेले वॉशिंग्टनशी संबंध १९६९मध्ये पुन्हा जोडले होते. तो तोल १८ मार्च १९७० रोजी गेला, त्यांचेच पंतप्रधान जनरल लोन नोल यांनी त्यांना पदच्युत केले. एप्रिलमध्ये कंबोडियातल्या व्हिएतनामी वंशाच्या लोकांच्या कत्तली झाल्या, मेकाँग नदीतून प्रेते वाहत आली. ३० एप्रिलला निक्सन यांनी सैन्य घुसवल्याचे टीव्हीवर जाहीर केले, तेव्हा ज्यांच्या देशात ते घुसले त्या लोन नोल यांच्याशी सल्लामसलतही झाली नव्हती! अमेरिकेचे सैन्य ३० जूनला परतले. पण सीमेवरचे उत्तर व्हिएतनामी सैन्य पश्चिमेला, देशाच्या आत सरकले होते, आणि त्याला अडवायला लोन नोल यांची छोटी, कच्ची फौज. तिकडे बीजिंगमधून सिहानूक यांनी ख्मेर रूजशी, म्हणजे कंबोडियातल्या कम्युनिस्ट बंडखोरांशी, हात मिळवले. राजाच्या नावाने हाक आल्यावर जंगलात जाणारे शेतकरी ही बाब आकड्यांच्या नादात निसटते, ती सोडू नका.

दुसरी बाजूही लिहा, नाहीतर परीक्षक तुम्हाला तिथेच धरतील. कंबोडियाची तटस्थता आधी हानोईने मोडली होती. १९७०च्या कारवाईत शस्त्रे आणि तांदळाचे मोठे साठे खरोखर सापडले, आणि त्यामुळे दक्षिण व्हिएतनाममधला दबाव काही काळ कमी झाला. ख्मेर रूजच्या नरसंहाराची जबाबदारी त्यांचा नेता पोल पॉट आणि त्याच्या साथीदारांचीच आहे, "बाँबमुळे पोल पॉट" असे एका ओळीत लिहू नका. पण साठे सापडले त्याच आठवड्यांत अमेरिकेत केंट स्टेट विद्यापीठात या कारवाईविरुद्धच्या निदर्शनात ४ विद्यार्थी गोळीबारात मेले आणि देशभर विद्यापीठे बंद पडली. पुढे अमेरिकी संसदेने कूपर-चर्च दुरुस्तीने (दोन सिनेटरांच्या नावाची तरतूद) कंबोडियात आणि लाओसमध्ये पायदळ पाठवण्यावर बंधन घातले. युद्ध रेटायला जे बळ हवे होते, तेच या विस्ताराने खाल्ले.

तुलनेसाठी लाओस घ्या. फेब्रुवारी १९७१च्या लाम सोन ७१९ मोहिमेत कायद्याने अमेरिकेचे पायदळ जाऊ शकत नव्हते, म्हणून दक्षिण व्हिएतनामचे सैन्य एकटे सीमेपार गेले, वर फक्त अमेरिकेची विमाने आणि हेलिकॉप्टर. मार्च संपायच्या आत ते मोठी हानी सोसून मागे आले. लाओसमध्ये न फुटलेले बाँब शेतात आजही माणसे मारतात. माझ्या मते हा भाग तुमच्या निबंधात कंबोडियाइतकाच हवा, पण पानांची मर्यादा तुम्हाला माहीत.

जाता जाता आकड्यांबद्दल. कंबोडियावर एकूण २७ लाख टन बाँब पडले, असा आकडा तुम्हाला जागोजागी भेटेल. तो वापरू नका. मांडणाऱ्या अभ्यासकांनीच नंतर तो सुधारून पाच लाख टनांच्या आसपास आणला. तोही भयंकरच आहे, फुगवायची गरज नाही. १५ ऑगस्ट १९७३ला बाँबफेक थांबली, ही तारीख धरून १९६९-७० आणि १९७३ वेगळे मांडा. पहिला काळ चोरून, दुसरा उघड, आणि दुसऱ्यात दाट वस्तीचा भाग जास्त. दोन्ही एकत्र केलेत तर प्रकरण पुन्हा परत येईल. आणि मार्गदर्शकांकडे जाताना १९७३च्या साक्षींच्या वृत्तांताची प्रत आधी पुढे ठेवा, तक्ता नंतर. तोंडी समजावण्यात वेळ घालवू नका. आक्षेप लेखीच मागा.