टीव्हीला लावलेली स्ट्रीमिंग स्टिक सारखी बंद होऊन पुन्हा सुरू होते. खराब झाली का?

बहुतेक नाही. स्टिक टीव्हीच्या यूएसबीवर चालवताय ना? तिथून अनेकदा ०.५ अँपिअरच मिळतो, स्टिकला साधारण १ लागतो. सोबत आलेला अडॅप्टर थेट भिंतीच्या सॉकेटला लावा. कोल्हापुरात आमच्या मंगळवार पेठेतल्या घरी आईच्या टीव्हीचा त्रास एवढ्यानेच गेला, आणि तिची संध्याकाळची मालिका परत सुरू झाली याचा मला फार आनंद झाला.

चित्र नुसतंच अडकत असेल तर दोष वायफायचा. पेठांतल्या जुन्या घरांच्या जाड भिंतींतून वायफायचा ५ गिगाहर्ट्झ बँड नीट पोचत नाही, स्टिक २.४ गिगाहर्ट्झ बँडवर जोडून बघा. एचडी चित्राला ५ एमबीपीएसचा इंटरनेट वेग पुरतो, त्यासाठी महागडा प्लॅन घेऊ नका.