काळ्या अस्वलाच्या शिकारीसाठी .४४ मॅग्नम रिव्हॉल्वरमध्ये कोणते काडतूस भरावे?

आपण सप्टेंबरमध्ये अमेरिकेतील मेन राज्याच्या उत्तर भागात, परवानाधारक वाटाड्याबरोबर, आमिषावर येणाऱ्या काळ्या अस्वलाच्या शिकारीसाठी जाणार आहात. आपल्याकडे साडेसात इंच नळीचे रुगर सुपर रेडहॉक रिव्हॉल्वर आहे, आणि २४० ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे माप) हॉलो पॉइंट, म्हणजे टोकाला पोकळी असलेली आणि अंगात शिरल्यावर फुलणारी गोळी घ्यावी, की "हॉलो पॉइंट अस्वलाच्या चरबीतच अडकते" असे सांगणाऱ्या सहकाऱ्यांचे ऐकून ३०५ ग्रेनची हार्ड कास्ट, म्हणजे कठीण शिशाची न फुलणारी गोळी घ्यावी, हे आपल्याला ठरवता येत नाही. मी याच राज्यात बारा वर्षे हातबंदुकीने अस्वलाची शिकार करत आलो आहे. माझे उत्तर असे की, शिकारीसाठी बनवलेली, सावकाश आणि मर्यादेत फुलणारी २४० ग्रेनची गोळी आपल्या कामाला पुरेशी आहे. मात्र "शिकारीसाठी बनवलेली" या शब्दांवर सगळे अवलंबून आहे, म्हणून ते नीट उलगडून सांगतो.

आपल्या सहकाऱ्यांचा सल्ला चुकीचा नाही, पण तो वेगळ्या प्रसंगाचा आहे. अलास्कात नदीकाठी मासेमारी करणारा माणूस कमरेला जे काडतूस बाळगतो, ते अंगावर धावून येणाऱ्या तपकिरी अस्वलासाठी असते. तेथे कोन निवडण्याची सवड नसते, गोळीला कवटी किंवा खांद्याचे जाड हाड भेदून आत जावे लागते, आणि म्हणून अजिबात न फुलणारी, जड, कठीण शिशाची गोळी हाच शहाणपणाचा पर्याय ठरतो. आपण मचाणावर बसलेले असाल, आमिषाचे पिंप पंधरा-वीस यार्डांवर असेल, अस्वलाला आपला पत्ता नसेल, आणि ते आडवे उभे राहीपर्यंत थांबण्याचा अधिकार आपल्या हाती असेल. मी मूळचा मेळघाटालगतच्या गावचा आहे. तेथील माणूस अस्वल म्हटले की अंगावर येणारे जनावर डोळ्यांसमोर आणतो, आणि आपल्या देशी अस्वलाच्या बाबतीत ते खरेही आहे. अमेरिकेतील काळे अस्वल मात्र गोळी लागताच बहुतेक वेळा दाट झाडीकडे पळते. त्यामुळे त्याला अडवायचे कसे यापेक्षा ते सापडेल कसे, हा शिकाऱ्यापुढचा खरा प्रश्न असतो.

सप्टेंबरपर्यंत अस्वलाच्या अंगावर हिवाळ्यासाठी चरबीचा जाड थर चढू लागलेला असतो. छातीत गोळी वरच्या बाजूने शिरली आणि पलीकडून बाहेर पडली नाही, तर चरबी ते भोक बुजवते, दाट केस उरलेसुरले रक्त शोषून घेतात, आणि जमिनीवर थेंबही पडत नाही. आमिषावरची अस्वले बहुधा अखेरच्या उजेडात येतात, म्हणजे माग काढण्याचे काम अंधारात, स्प्रूस आणि फरच्या गचपणात करावे लागते. म्हणूनच मी काडतुसाकडून पहिली अपेक्षा ठेवतो ती अशी की, गोळीने दोन्ही फुप्फुसे भेदून पलीकडच्या बाजूने बाहेर पडावे.

हे मी किंमत मोजून शिकलो. पहिल्या वर्षी एका दुकानात मी "सर्वांत जोरदार" काडतूस मागितले आणि विक्रेत्याने २०० ग्रेनचे, स्वसंरक्षणासाठी बनवलेले हॉलो पॉइंट दिले. खोक्यावरचा वेगाचा आकडा डोळे दिपवणारा होता. अठरा यार्डांवर अस्वल आडवे उभे होते, नेम किंचित पुढे गेला, गोळी जवळच्या खांद्याच्या हाडावर फुटली आणि तिचे तुकडे एकाच फुप्फुसापर्यंत पोहोचले. रक्ताचा माग मिळाला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दलदलीच्या कडेला ते मेलेले सापडले. रात्र उबदार होती, जाड कातडी आणि चरबीमुळे शरीरातली उष्णता बाहेर पडली नव्हती, आणि मांस खराब झाले होते. त्या जनावराने रात्रीचा किती वेळ तडफडत काढला असेल हे मला कधीच कळणार नाही, आणि त्यानंतर मी एकही खोके वेगाचा आकडा पाहून विकत घेतलेले नाही.

त्या आकड्यांविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. २४० ग्रेन, म्हणजे साधारण साडेपंधरा ग्रॅमची गोळी सेकंदाला १२०० फूट वेगाने निघाली, तर तिच्यात सुमारे १०४० ज्यूल ऊर्जा असते; .३०-०६ रायफलीच्या काडतुसात ती साडेतीन हजारांच्या पुढे जाते. वेगवान रायफलीची गोळी आपल्या मार्गाच्या आजूबाजूचे स्नायूही ताणून फाडते. हातबंदुकीच्या वेगाला तसे फारसे घडत नाही. गोळी ज्यातून प्रत्यक्ष जाते तेवढेच भोक पडते. म्हणून २०० ग्रेनच्या गोळीला मिळालेला जास्तीचा वेग कागदावर ऊर्जा वाढवतो आणि अस्वलाच्या अंगात तिला लवकर फोडून खोली घटवतो. १९५५ च्या अखेरीस .४४ मॅग्नम बाजारात आणण्यासाठी ज्यांनी वर्षानुवर्षे आग्रह धरला, त्या एल्मर कीथ यांच्या स्वतःच्या आवडत्या गोळ्याही २४० ते २५० ग्रेनच्या, कडक शिशाच्या आणि रुंद, कातर कडेच्या होत्या.

आता नेमकी निवड. पहिला पर्याय म्हणजे २४० ग्रेनची जाड आवरणाची गोळी, मग ती सॉफ्ट पॉइंट (टोकाला शिसे उघडे असलेली) असो वा हॉर्नाडी एक्सटीपीसारखी मर्यादित फुलणारी हॉलो पॉइंट. या गोळ्यांचे तांब्याचे आवरण आणि आतले शिसे अशा बेताने घडवलेले असते की त्या फुलतात, पण चिंधड्या होत नाहीत. आडव्या उभ्या अस्वलाच्या छातीची रुंदी साधारण एक ते दीड फूट धरली, तर बरगड्यांमधून गेलेली अशी गोळी पलीकडे पोहोचण्याइतकी खोल जाते आणि मूळ व्यासापेक्षा मोठे भोक पाडते. फेडरल फ्यूजन किंवा स्विफ्ट ए-फ्रेम या आवरण आणि शिसे एकजीव केलेल्या गोळ्या आणखी भरवशाच्या आहेत. त्या महाग आहेत, पण शिकारीच्या दिवशी आपण एक-दोनच झाडणार आहात. वाटाड्याने त्या ठिकाणच्या कॅमेऱ्यात फार मोठा नर दिसल्याचे सांगितले, तर याच जातीची ३०० ग्रेनची गोळी घ्यावी. मेनमधील मादी बहुधा शंभर किलोच्या आत असते आणि नरही क्वचितच दोनशेच्या पुढे जातो, हे लक्षात ठेवले म्हणजे त्याहून जड गोळीचा मोह आवरता येतो.

हार्ड कास्ट घ्यायचीच असेल, तर तिच्या टोकाकडे नीट पाहा. शिसे, कथील आणि अँटिमनी यांच्या मिश्रणाची ही गोळी फुलत नाही, त्यामुळे तिचे सारे कर्तृत्व नाकाच्या सपाट भागाच्या रुंदीवर ठरते. रुंद आणि सपाट नाक ऊती कापत, चिरडत जाते आणि भोक उघडे ठेवते. गोल नाक त्याच ऊती बाजूला सारत निसटते आणि मागे भोक मिटते. रुंद सपाट नाकाच्या ३०० ग्रेनच्या आसपासच्या गोळीने मी दोन अस्वले घेतली आहेत, दोन्ही वेळा गोळी आरपार गेली आणि दोन्ही वेळा माग मिळाला. तरीही पंधरा यार्डांवर, आडव्या अस्वलावर, मला फुलणारी गोळी अधिक योग्य वाटते, कारण तिच्यामुळे फुप्फुसे लवकर निकामी होतात आणि जनावर कमी अंतर पळते.

यापुढचा निर्णय मात्र आपल्या रिव्हॉल्वरला करू द्यावा. दोन किंवा तीन प्रकारच्या काडतुसांचे एकेक खोके घ्या आणि आपण मचाणावर जसे बसाल तसे बसून, हाताला आधार देऊन, वीस यार्डांवर प्रत्येकाच्या सहा-सहा गोळ्या झाडा. सहाही गोळ्या दहा सेंटीमीटरच्या वर्तुळात पडल्या, तर ते काडतूस ठेवावे. एक गोष्ट अनेकांना उलटी वाटते: रिव्हॉल्वरमध्ये जड गोळी जवळच्या अंतरावर बहुधा वर लागते, कारण ती नळीत अधिक वेळ राहते आणि तोपर्यंत धक्क्याने नळीचे तोंड वर उचलले गेलेले असते. म्हणून २४० ग्रेनवर नेम बसवून ऐनवेळी ३०५ ग्रेन भरणे ही घोडचूक ठरते.

त्याच बैठकीत आणखी एक तपासणी करा. पाच गोळ्या झाडून सहावे काडतूस बाहेर काढा आणि खोक्यातल्या नव्या काडतुसाशेजारी धरून त्याची लांबी पाहा. जोरदार धक्क्याने पुंगळीतली गोळी पुढे सरकते, आणि ती चकरीच्या (काडतुसे ठेवण्याच्या फिरत्या भागाच्या) तोंडाबाहेर आली तर चकरी फिरेनाशी होते. दुसरी गोळी झाडण्याची गरज पडेल त्याच क्षणी हे होईल. आपले सुपर रेडहॉक सुमारे दीड किलोचे असल्याने हा धोका हलक्या रिव्हॉल्वरपेक्षा कमी आहे, पण खात्री करण्यास पाच मिनिटे लागतात. फार जड गोळ्यांची काही काडतुसे विशिष्ट बनावटीच्या बंदुकांसाठीच असतात, तेव्हा खोक्यावरची सूचना पूर्ण वाचावी.

सरावासाठी मी .४४ स्पेशल काडतुसे वापरण्यास सांगेन. ती याच चकरीत बसतात, धक्का फार कमी देतात, आणि चाप सावकाश दाबण्याची सवय त्यांच्यावरच लागते. मॅग्नमचा सराव एका दिवशी वीस-पंचवीस गोळ्यांपुरता ठेवा, कारण त्यानंतर हात धक्क्याची वाट पाहू लागतो आणि चाप दाबतानाच नेम खाली झुकतो. कानांवर संरक्षण सरावात तर हवेच, पण मचाणावरही हवे; बाहेरचे बारीक आवाज ऐकू देणारे आणि स्फोटाचा आवाज अडवणारे इलेक्ट्रॉनिक कर्णरक्षक त्यासाठी मिळतात. या काडतुसाच्या एका आवाजानेही श्रवणशक्तीला कायमची इजा होऊ शकते.

कोणतेही काडतूस चुकीच्या जागी लागलेल्या गोळीची भरपाई करत नाही. अस्वलाचे केस पोटाखाली लोंबतात, त्यामुळे शरीर दिसते तितके खाली नसते आणि नवखा शिकारी खाली नेम धरतो. अस्वल आडवे किंवा किंचित पलीकडे वळलेले असावे, आपल्या बाजूचा पुढचा पाय पुढे पडलेला असावा, आणि त्या पायामागे, शरीराच्या उंचीच्या मध्याच्या किंचित खाली नेम धरावा. समोरून किंवा डोक्यावर गोळी झाडू नका. पहिली गोळी लागल्यावरही अस्वल दिसत असेल आणि नेम धरता येत असेल, तर दुसरी झाडा. त्यानंतर शांत बसून कान द्या, आणि वाटाडा सांगेपर्यंत खाली उतरू नका.

हे उत्तर वाचणाऱ्या इतरांकडे .४४ नसेल, तर १० मिलिमीटर ऑटो किंवा .३५७ मॅग्नमबाबत माझे मत उलटे आहे. त्यांत गोळी हलकी असल्याने फुलणे आणि खोली या दोहोंपैकी एकच नीट साधते, म्हणून तेथे मी सपाट नाकाची जड हार्ड कास्टच घेईन, १० मिलिमीटरमध्ये २०० ग्रेन आणि .३५७ मध्ये १८० ग्रेन. ग्लॉकच्या जुन्या, बहुकोनी आतल्या बाजूच्या नळीत मात्र उघड्या शिशाच्या गोळ्या वापरू नयेत, असे ती कंपनीच सांगते. ज्यांना मांसात शिसे नको असेल, त्यांना अखंड तांब्याच्या फुलणाऱ्या गोळ्या मिळतात. कॅलिफोर्नियात तर १ जुलै २०१९ पासून शिकारीसाठी शिशाच्या गोळ्यांना पूर्ण बंदी आहे.

आपण व्हिसाविषयी काही लिहिलेले नाही, पण आपल्यापैकी अनेकजण एच-१बी वर असतात म्हणून सांगतो. अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार अस्थायी व्हिसावरील व्यक्तीला बंदूकच नव्हे, तर काडतुसेही बाळगण्यास सर्वसाधारणपणे मनाई आहे. ज्याच्याकडे एखाद्या राज्याचा वैध शिकार परवाना आहे त्याला यात सूट मिळते. परवान्याची मुदत संपली की तो आधार जातो, तेव्हा मुदत तपासा आणि शंका असेल तर वकिलाला विचारा. मेनमध्ये अनिवासी शिकाऱ्याला मोठ्या प्राण्यांच्या परवान्याखेरीज अस्वलाचा वेगळा परवाना घ्यावा लागतो. आमिषावरच्या शिकारीचा हंगाम ऑगस्टच्या शेवटच्या सोमवारी सुरू होऊन सुमारे चार आठवडे चालतो, म्हणजे सरावासाठी आपल्या हाती असलेला वेळ तेथून मागे मोजा.

काडतूस एकदा ठरले की त्याच लॉट क्रमांकाची (एकाच वेळी बनवलेल्या मालाची) दोन-तीन खोकी एकदम घ्या, कारण लॉट बदलला की वेगात थोडा फरक पडू शकतो. त्यांतील बारा काडतुसे शिकारीसाठी बाजूला काढा, प्रत्येक काडतूस चकरीच्या सहाही घरांत सहज बसते का ते बंदूक सुरक्षित दिशेला धरून पाहा, आणि उरलेली सरावाला वापरा.